तुलनेचा तुकडा

मोजणीवालीने पोलादी पट्टी गवताच्या बुडाशी टेकवली आणि खाली दाबली. एवढ्यात जमीन लागायला हवी होती. पट्टी मात्र खाली खाली जातच राहिली आणि शेवटी तिची बोटेच मेलेल्या गवतात रुतली. तिने हात कोपरापर्यंत आत घातला, तेव्हा कुठे मातीचा स्पर्श झाला. एरवी या थराखालची माती गार असायची. आज तीही कोमट होती.

"काय म्हणतोय जावई?" मागून मुकादमाने विचारले.

"खातोय, पितोय, अंग धरतोय."

मुकादम पोट धरून हसला. हे नाव त्यानेच ठेवलेले. डोंगराच्या या उताराचे तुकडे पाडलेले होते. बाकीचे सगळे तुकडे ते आळीपाळीने, वारा आणि दव पाहून, ठरवून जाळत असत. हा एकच कधी जाळायचा नाही असे पहिल्या दिवसापासून ठरलेले होते. जाळल्याने रानाचे भले होते हे सिद्ध करायचे, तर न जाळलेले रान शेजारी उभे करून दाखवावे लागते. म्हणून हा तुलनेचा तुकडा. भोवती तारेचे कुंपण, कुंपणाबाहेर गवत खरवडून काढलेली रुंद जाळरेषा आणि वरच्या अंगाला पाटी: 'येथे आग लावण्यास सक्त मनाई आहे.' हात लावायचा नाही, दुखवायचे नाही आणि जाता-येता मान द्यायचा, मग त्याला जावई नाही तर काय म्हणायचे, असा मुकादमाचा सवाल होता.

जाळलेल्या तुकड्यांनी तिचे पांग फेडले होते. ती इथे आली तेव्हा हा सगळा डोंगर काटेरी झुडपांनी गिळलेला होता. पहिल्या जाळानंतर राखेतून कोंब वर आले, तेव्हा ती मोजणीची चौकट जमिनीवर ठेवून एकेक कोंब मोजत बसली होती आणि मोजता मोजता तिला रडू फुटले होते. कुणी न पेरलेली जुनी गवते परत आली. मग फुले आली, फुलांमागून किडे, किड्यांमागून तितर. एका तुकड्याखालचा आटलेला झरा पाझरू लागला. आग अशी काही देऊन जाते हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते, पण डोळ्यांना कोण विचारतो? डोंगरांचा कारभार पाहणाऱ्या कचेरीने 'वणवामुक्त डोंगर' अशी घोषणा गावभर रंगवून ठेवली होती. पुढच्या महिन्यात त्यांची पाहणी समिती येणार होती. पटले तर साऱ्या रांगेवर ठरवून जाळायची परवानगी, नाही पटले तर काडी ओढायलाही बंदी. आणि मग या रांगेतला प्रत्येक डोंगर जावई होणार, आतून असाच कोरडा, पोटात सरपण साठवून बसलेला.

"जाळायचा झाला तर आज जाळता येईल," मुकादम कपाळावरचा घाम पुसत म्हणाला. "वारा खाली वाहतोय, सकाळी दवही होतं. उद्या दुपारी वारा फिरला की संपलं."

"माहितीये मला."

"मग काय करायचं ते पटकन सांगा. मला सासूबाईंना स्टँडवर सोडायचंय. खऱ्या जावयाला कामं असतात."

वारा खाली वाहत असला की आग वरच्या कडेने लावायची. ती आळसटासारखी, मागे मागे सरकत उतार उतरते आणि पाण्याच्या फवाऱ्याने आवरता येते. वारा फिरून वर चढू लागला की तीच आग उतारावरून धावत सुटते. उताराच्या माथ्यावर घरांची रांग होती. त्या रांगेत तिच्या धाकट्या भावाचे घर होते आणि त्या घरात तिची आई होती.

ती जाळ लावणाऱ्या टोळीपासून थोडी लांब गेली आणि तिने सरांना फोन लावला. हा सगळा अभ्यास सरांचा. ते शहरातल्या गार खोलीत बसून उंटावरून शेळ्या हाकत, आणि इथल्या उन्हात त्या शेळ्यांमागे ती धावत असे.

"सर, थर कोपरभर झालाय. वर घरं आहेत."

"घरं नंतर आलीत. तुकडा आधीपासून आहे."

"हो, पण उद्यापासून वारा..."

"वारा दरवर्षी असतो गं. एक महिना. समिती येऊन गेली की तुझ्या हाताने पेटव, मी हार घेऊन येतो." सरांचा आवाज मऊ झाला, आणि आवाज मऊ झाला की ते काहीतरी गळ्यात मारतात हे तिला अनुभवाने ठाऊक होते. "हे बघ, जागेवर तू आहेस. निर्णय तुझा. तुला वाटलं तर आजच जाळ. फक्त मग समितीपुढे काय ठेवायचं, तेही तूच ठरव."

फोन ठेवल्यावर तिला सरांचा राग आला. त्याहून जास्त राग स्वतःचा आला, कारण सरांनी नको म्हणावे म्हणूनच तिने फोन केला होता.

"आज नको," तिने मुकादमाला सांगितले. "फवारे धुऊन ठेवा."

"तुम्ही म्हणाल तसं," मुकादम म्हणाला आणि त्याने टोळीला शीळ घातली. कुणाच्या चेहऱ्यावरची माशीही हलली नाही. लवकर सुटल्याचा आनंदच झाला सगळ्यांना.

ती मात्र जीप घेऊन वरच्या रस्त्याला लागली.

भाऊ घराच्या मागच्या अंगणात होता. सहा फूट उंच, खांद्याने रुंद, मिशीत दोन-चार पांढरे केस. तरी साऱ्या जगाला तो छोटूच होता. फर्निचरच्या कारखान्यात त्याची संध्याकाळची पाळी असे. सकाळी तो घरी काहीबाही ठोकत बसे. आत्ता तो कारखान्यातून आणलेली लाकडाची फळकुटे रचत होता. थप्पी त्याच्या कमरेपर्यंत आली होती, आणि ती उभी होती तुलनेच्या तुकड्याच्या कुंपणाला टेकून, नेमकी जाळरेषेवर. ही पट्टी मोकळी, उघडी मातीच राहायला हवी होती. आता तिथे फळकुटांशेजारी ताडपत्रीचे छप्पर होते, पलीकडच्या घरातल्या जुन्या गाद्या आणि गालिचे होते, आणि त्याच्याही पलीकडे, पाळणाघराच्या मागे, मुलांसाठी बांबूचे खेळघर उभे राहिले होते.

ती जीपमधून उतरून थेट थप्पीपाशी गेली.

"छोटू, हे इथे कशाला रचलंस?"

"मग कुठे रचू? तुझ्या कुंपणाएवढी बिनघोर जागा आहे का दुसरी या डोंगरात?"

"बिनघोर?"

"हे बघ." त्याने हातातले फळकूट खाली ठेवले आणि पाटीकडे बोट केले. "दलालाने मला खाली नदीकडचं घर दाखवलं होतं. याच्याहून मोठं. बायको तर तिथेच पाय रोवून उभी राहिली. मी म्हटलं, नाही, वरच्या रांगेतलंच घ्यायचं. आमची ताई बाकी डोंगर जाळते, पण या तुकड्याला काडी लागू देत नाही. तूच म्हणाली होतीस ना जेवताना? मी मेले तरी तो तुकडा जळू देणार नाही, म्हणून?"

म्हणाली होती. अगदी याच शब्दांत, टेबलावर मूठ आपटून. तिला ते जेवणही आठवले आणि त्या वेळची स्वतःची ऐटही आठवली.

"म्हणून घेतलंस हे घर?"

"म्हणजे काय! आणि मी एकट्यानेच नाही. पाळणाघरवालीला इथे मीच आणलं. बिचारी घाबरत होती, डोंगरात सारख्या आगी लावतात म्हणून. मी तिला ही पाटी नेऊन दाखवली. म्हटलं, बाई, सगळीकडे लागेल, इथे नाही लागणार. इथे माझी बहीण राखण करते." तो हसला. बहिणीचा त्याला किती अभिमान होता हे त्या हसण्यात लख्ख दिसत होते आणि तिला ते बघवेना.

अरे, सगळे उलटे आहे, हे वाक्य तिच्या जिभेवर येऊन बसले. या डोंगरात सगळ्यात वाईट पेटेल तो हाच तुकडा. जाळलेल्या तुकड्यांत जळायला आता काही उरलेले नाही. इथे इतक्या वर्षांचे सगळे जसेच्या तसे आहे. तुम्ही दारूगोळ्याला पाठ लावून बसलात. एवढे म्हणायला एक श्वास पुरला असता. पण तो श्वास घेतला की पुढचे सगळेही आलेच. छोटू ताडकन उठणार, रांगेतल्या प्रत्येक घराची कडी वाजवणार, आणि चारच्या आत माणसे कुंपणाशी येऊन म्हणणार, जाळा. ती रास्तच म्हणतील. मग समितीला दाखवायला सगळीकडे नुसती राख. तुमच्या राखेवर गवत उगवले, ते न जाळताही उगवले असते, असे ते म्हणतील. आणि तिच्याकडे त्यावर उत्तर नसेल.

ती स्वयंपाकघरात गेली. माठावरचा पेला भरून घेतला आणि तिथेच, उभ्याने, घटाघटा प्यायली.

"काय फोडलंस?"

दारात आई होती, चालायच्या चौकटीवर भार देऊन. खुबा मोडल्यापासून ती घरातल्या घरात त्या चौकटीनेच फिरे. अंगणापर्यंत जायचे तर तिला कुणाचा तरी हात लागे.

"काही नाही फोडलं. काहीतरीच तुझं."

"लहानपणी काही फोडलंस की अशीच पाणी प्यायचीस."

"तुला न्यायला आलेय. चार दिवस राहा माझ्याकडे."

"आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं," आई म्हणाली. "गेल्या वर्षी मी मागे लागले होते, तेव्हा खोली लहान होती. आता मोठी झाली?"

"चल ना गं."

"मला इथे करमतं. दुपारी शेजारची पोरं येतात. त्यातलं एक तर माझ्या मांडीवरच झोपतं, त्याला पाळण्यात टाकलं की किंचाळतं."

मोजणीवालीने पेला धुतला. धुतलेलाच पुन्हा धुतला. मग आईकडे न बघता म्हणाली, "ऐक माझं. या वेळी ऐक."

आईने तिच्या पाठीकडे एकदा पाहिले. मग चौकट वळवून कपडे घ्यायला खोलीत गेली. छोटूला कौतुक वाटले. आईची पिशवी जीपमध्ये ठेवताना तो म्हणाला, "बरं झालं, तेवढाच तिला बदल. बायको पण बँकेत उशिरापर्यंत असते हल्ली."

"उद्या-परवा दुपारी तुम्ही दोघं घरी नसता ना?"

"मी लवकर निघतो, ऑर्डरी वाढल्यात. घरी बसून काय माशा मारायच्या?"

तिने मनातल्या मनात हिशेब केला आणि तो जमला. जमला याचे तिला बरे वाटले. आणि आपल्याला बरे वाटले हे लक्षात आले, तेव्हा तिच्या कानशिलांत ऊन उतरल्यासारखे झाले.

जीप उतरणीला लागली. पाळणाघरावरून जाताना आतून मुलांचा गलका ऐकू आला, तशी आई खिडकीतून वळून पाहत राहिली, मान दुखेपर्यंत.

"मला कशातून तरी बाहेर काढलंयस तू," ती शेवटी म्हणाली. "कशातून ते मी विचारत नाही."

मोजणीवालीने गिअर बदलला. विचार ना, असे तिला फार वाटले. आईने विचारले नाही.

आईला आपल्या खोलीत बसवून, उशाशी पाणी ठेवून ती सामानाच्या कोठारात गेली. खरे तर फवारे नीट धुतलेत का एवढेच पाहायचे होते. फवारे धुतलेले होते. पलीकडे फळीवर पट्ट्यांचा खोका होता. पत्र्याच्या बोटभर पट्ट्या, प्रत्येकीवर रंगाच्या ठिपक्यांची ओळ. प्रत्येक ठिपका ठरावीक उष्णतेला वितळतो. जाळण्याआधी त्या तुकड्यात वेगवेगळ्या उंचीवर तारेने बांधायच्या, आणि आग विझल्यावर कोणते ठिपके वितळले ते पाहायचे, म्हणजे आग किती तापली ते कळते. जावयाच्या अंगावर ती पट्टी कधीच चढली नव्हती. तो जळायचाच नव्हता, तर बांधायची कशाला?

ती खोक्यापाशी उभी राहिली. समितीला पटवायला इतक्या वर्षांची आकडेमोड लागणार होती, आणि तरी पटेल याची खात्री नव्हती. पण न जाळलेला तुकडा वणव्यात खरोखर किती तापतो, याचे माप समोर ठेवले तर? जगात कुणाकडे नसेल असे माप. मग एक शब्दही बोलावा लागणार नाही. 'वणवामुक्त'वाल्यांची दातखीळ बसेल, आणि पुढे रांगेतले शेकडो डोंगर वाचतील, शेकडो घरे वाचतील.

तिला आपल्याच विचाराची भीती वाटली, अगदी खरी भीती. वारा कदाचित फिरणारच नाही, तिने स्वतःला समजावले. फिरला तरी कुठे पेटायला ठिणगी हवी. पेटले तर बंब आहेत. पट्ट्या बांधल्याने काही आग लागत नाही; मापे तयार असलेली बरी, एवढेच. तिने खोका उचलला तेव्हा तो हलका लागला.

ती पुन्हा वर पोहोचली तेव्हा ऊन कलले होते. वारा पडला होता आणि तुकडा इतका स्तब्ध होता की गवताची एक काडी मोडली तरी कानाला लागावी. पलीकडच्या डोंगरामागून धुराची एक बारीक रेघ वर जात होती. कुणीतरी पालापाचोळा जाळत असेल, तिने ठरवून टाकले. ती खालच्या कडेपासून सुरुवात करत, उंची मोजत, एकेक पट्टी बांधत वर सरकली. हात सवयीचे होते. कुंपणाच्या वरच्या कडेला ती आली तेव्हा थोड्याच पट्ट्या उरल्या होत्या, आणि दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून तारांचे तुकडे तिने ओठांत धरले होते.

"अगंबाई, तुम्ही का!"

पाळणाघरवाली खेळघरापाशी उभी होती. मुलांना न्यायला अजून कुणी आले नव्हते. तिच्या कडेवर एक पोर होते, डोळे चोळत, झोपायला आलेले.

"आजीला नेलंत वाटतं? हा केव्हाचा शोधतोय. तुमच्या भावांच्या घराची कडी वाजवून आला." तिने पोराची हनुवटी वर केली. "बघ, आजीची मुलगी. टाटा कर."

पोराने टाटा केले नाही. ते लुकलुकणाऱ्या पट्ट्यांकडे टक लावून पाहत होते.

"छान दिसतात हो. काय आहे हे? आगीपासून राखायचं काही का?"

मोजणीवालीने पट्टीची गाठ आवळली. तोंडात तारा होत्या.

"तो धूर बघून जीव नुसता टांगणीला लागलाय माझा," पाळणाघरवाली म्हणाली. "मुलं रस्त्याकडच्या खोलीत झोपतात ना, तिकडून धूर येतो. म्हणून म्हटलं, उद्यापासून सगळे पाळणे या बाजूच्या खोलीत घ्यावेत. तुमच्या तुकड्याला लागून आहे, म्हणजे इकडून तरी काही भीती नाही. तुमचे भाऊ तर सारखे सांगत असतात." ती कुंपणाला टेकली आणि तिने आवाज खाली आणला, घरचा सल्ला विचारावा तसा. "बरोबर करतेय ना मी?"

तारा तोंडातून काढायला किती वेळ लागतो? एक हात मोकळा होता. तो वर आला, ओठांपर्यंत आला. धुराची रेघ आता किंचित कलली होती, कोणत्या बाजूला ते तिने पाहिले नाही. तो हात तिने कपाळावरची बट मागे सारायला वापरला.

मग तिने होकारार्थी मान डोलावली.

"हुश्श! तुम्ही सांगितलंत, आता काळजी मिटली," पाळणाघरवाली म्हणाली. पोराला दुसऱ्या कडेवर घेऊन ती आत गेली.

थोड्या वेळाने फरशीवरून लोखंडी चाके ओढत आणल्याचा खडखडाट ऐकू येऊ लागला. या बाजूची खिडकी उघडली. आत पहिला पाळणा आला, रिकामा, त्यावर निळी चादर. पाळणाघरवालीने तो खिडकीच्या अगदी खाली, वारा येईल असा लावला, चादर सारखी केली आणि बाहेर बघून हात हलवला.

मोजणीवालीनेही हात हलवला.